वाफसा : मातीतल्या रिकाम्या जागेचे विज्ञान

पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली की शेतकरी रानात जातो, मूठभर माती उचलून तिचा लाडू वळतो आणि तो बोटाने दाबून पाहतो. लाडू भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. लगदा होऊन बोटांना चिकटला तर औत घालायला अजून थांबायचे. वाफसा येतो तेव्हा मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतले पाणी निथळून तेथे हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत मात्र मुळांना पुरेल एवढी ओल धरलेली असते. चांगल्या जमिनीच्या घनफळाचा जवळपास निम्मा भाग अशा पोकळ्यांचाच असतो. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे आकडे म्हणजेच मातीचे आरोग्य, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. माझ्या मते ते आधी या रिकाम्या जागेत शोधावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात, पण माती किती रवाळ आहे, म्हणजे कण जुळून रवे होऊन त्यांच्यात पोकळ्या किती राहिल्या आहेत, हे त्यांतला एकही घटक थेट मोजत नाही.

हा रवाळपणा सजीवांच्या कामातून येतो. जिवाणूंचे चिकट स्राव मातीचे सुटे कण जोडतात, बुरशीचे तंतू त्यांना गुंडाळतात आणि गांडुळे माती पोटातून काढून तिचे टिकाऊ रवे करतात. या सगळ्यांचे अन्न म्हणजे सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजणाऱ्या अवशेषांतला कार्बन. माती परीक्षणात त्याचे प्रमाण ०.५ टक्क्यांच्या खाली असले की ते कमी मानतात, आणि आपल्याकडच्या अनेक रानांचे अहवाल याच रेषेखाली येतात.

एक प्रयोग घरी करता येतो. बांधावरच्या गवताखालचे एक ढेकूळ आणि वर्षानुवर्षे रोटाव्हेटर (माती बारीक फोडणारे यंत्र) फिरलेल्या रानातले एक ढेकूळ वाळवून पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडावे. बांधावरचे ढेकूळ बुडबुडे सोडत बराच वेळ आपला आकार टिकवते. रानातले बहुधा काही मिनिटांतच विरघळते, पाणी गढूळ होते आणि तळाशी गाळ बसतो. दोघांचा मूळ खडक एकच, मधले अंतर चार पावलांचे.

रानात हेच पावसात घडते. मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने उघड्या मातीवर आपटतो, रवे फुटतात, सुटलेले बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वर पापडी धरते. मग पाणी मुरत नाही. ते माती घेऊन ओढ्याला जाते. दख्खनच्या काळ्या जमिनीत ही अडचण दुप्पट असते, कारण बेसाल्टच्या झिजेतून आलेली तिची चिकणमाती भिजली की फुगून पोकळ्या बंद करते आणि वाळली की हात आत जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा जमिनीत वाफसा उशिरा येतो आणि लवकर जातो, म्हणूनच घाईने ओल्यात घातलेला ट्रॅक्टर खाली जो कठीण थर करून ठेवतो, तो पुढे कित्येक हंगाम मुळांना अडवतो.

कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने भूजल वर आले, त्याबरोबर क्षारही वर आले आणि कित्येक रानांवर पांढरा थर फुटला. त्यातही सोडियम वाढून जमीन चोपण झाली की चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि रचनाच मोडते. जिप्सममधले कॅल्शियम हा सोडियम मोकळा करते खरे, परंतु निचऱ्याची सोय नसेल तर तो जाणार कोठे? अशा ठिकाणी जमिनीखाली सच्छिद्र पाइप आधी टाकावे लागतात.

याच पट्ट्यात ऊस तुटला की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवण्याची सवय आहे. त्या धुरात कर्ब जातो आणि नत्राचा मोठा भागही जातो. पाचट सरीत ठेवावे तर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेले पीक) पिवळा पडतो, ही तक्रार खोटी नाही. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे असल्याने ते कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र उसने घेतात. म्हणून त्यावर थोडा युरिया टाकून ओल राखतात. नंतर भर उन्हाळ्यात ते पाचट उचलून पाहिले तर खाली ओलसर माती, पांढऱ्या बुरशीचे जाळे आणि गांडुळांनी वर टाकलेले मातीचे बारीक रवे दिसतात. शेजारच्या जाळलेल्या सरीत त्याच दिवशी भेगा पडलेल्या असतात.