पेस्ट किती आणि ब्रश कोणाच्या हातात : मुलांच्या दंतसवयींची पार्श्वभूमी

पहिला दात दिसला की ब्रश सुरू, दिवसातून दोनदा, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराईडची (दात किडू नये म्हणून पेस्टमध्ये घालतात तो घटक) पेस्ट, आणि ब्रश आईवडिलांच्या हातात. आज दंतवैद्य सांगतात तो हा सल्ला फार जुना वाटतो. पण त्यातला पेस्टचा भाग बऱ्याच ठिकाणी २०१४ नंतरच रुळला. त्याआधी नेमके उलट सांगितले जात होते. 'एवढ्याशा बाळाला पेस्ट कशाला?' हा घराघरांतला वाद तिथूनच आला आहे.

तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्याने दात किडतो, हे १८९० मध्ये बर्लिनमधल्या एका संशोधकाने मांडले. त्यानंतर मुलांना दात घासायला शिकवण्याचे काम घराआधी शाळेने उचलले. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात १९१३ मध्ये स्त्रियांना या कामाचे प्रशिक्षण देणारा वर्ग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्या शाळांमध्ये जाऊन शिकवू लागल्या. ब्रश गोल गोल फिरवण्याची सोपी पद्धत आजही मुलांना शिकवतात, ती त्याच काळातली. नायलॉनचे केस असलेला ब्रश आला तो १९३८ मध्ये.

या शालेय मोहिमांनी मोठे काम केले, पण एक गैरसमजही मागे ठेवला: मुलाला एकदा नीट शिकवले की पुढे त्याचे ते घासेल. सहा वर्षांच्या मुलाला ब्रश धरता येतो, पण तो मागच्या दाढांपर्यंत नेऊन नेटाने फिरवण्याइतकी बोटे तयार झालेली नसतात. शिवाय त्याच सुमारास कायमची पहिली दाढ येते. ती कोणताही दात न पडता दुधाच्या दाढांच्या मागून निघते, त्यामुळे ती दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावे किंवा निदान शेवटचा हात फिरवावा, असे आता सांगतात ते यामुळेच.

खाण्याची बाजू स्वीडनमधल्या एका प्रयोगाने उलगडली. १९४० च्या दशकात सुरू झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले आणि दाताला किती चिकटून राहिले, याने कीड अधिक ठरते, असे त्यातून दिसले. हा प्रयोग संस्थेत ठेवलेल्या मतिमंद रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय झाला होता, हे विसरता कामा नये. पुढे १९६२ मध्ये दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांमधली कीड वैद्यकीय लेखनात नोंदली गेली. तिच्यात वरचे पुढचे दात आधी जातात; खालचे जिभेच्या आडोशामुळे बरेचदा वाचतात.

खरा वाद मात्र फ्लोराईडचा. अमेरिकेत फ्लोराईडची पेस्ट १९५० च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत अनेक देशांत मुलांची कीड झपाट्याने घटली. मग दुसरी चिंता पुढे आली. तान्ही मुले पेस्ट गिळतात, आणि याच वयात जबड्यात कायमच्या पुढच्या दातांचे आवरण घडत असते. जास्त फ्लोराईड पोटात गेले तर त्या दातांवर पांढरट डाग उमटतात. म्हणून अमेरिकेतला सल्ला असा झाला की दोन वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय फ्लोराईडची पेस्ट देऊ नये. नुसत्या पाण्याने घासा, किंवा बिनफ्लोराईडची पेस्ट वापरा.

या सावधगिरीमागचा हेतू चांगला होता, पण माझ्या मते तिची किंमत चुकीच्या मुलांनी मोजली. सौम्य डाग बहुधा जेमतेम दिसतात. दोन वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दातांवर मात्र कधी कधी भूल देऊन उपचार करावे लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने भूमिका बदलली: वयाची अट काढली आणि मात्रा बांधून दिली. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी. हिशेब साधा आहे. १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराईड असलेल्या) एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराईड असते. दाण्याएवढ्या पेस्टचे वजन साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे मुलाने ती सगळी गिळली तरी ०.१ मिलिग्रॅमच पोटात जाते. जाहिरातीत ब्रशच्या टोकापासून टोकापर्यंत पसरलेली पेस्ट याच्या कितीतरी पट असते आणि आईवडिलांच्या डोळ्यांत तेच माप बसलेले असते.

जर्मनीत हा तिढा आणखी लांबला. बालरोगतज्ज्ञ ड जीवनसत्त्वासोबत फ्लोराईडची गोळी द्या म्हणत, दंतवैद्य पेस्ट वापरा म्हणत, आणि पालक मध्ये अडकत. २०२१ मध्ये दोघांनी एकत्र सल्ला दिला: पहिल्या वर्षात दात आल्यावर गोळी किंवा दाण्याएवढी पेस्ट यांपैकी एकच, दोन्ही नाहीत; वर्षानंतर पेस्ट. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराईड टूथपेस्टला जागा मिळाली.

एक सूचना अजून घरात शिरायची आहे. पेस्ट थुंकावी, पण नंतर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, नाहीतर दातांवर राहायला हवे ते फ्लोराईड धुऊन जाते. इंग्लंडच्या मार्गदर्शिकेत हे २००७ पासून आहे. मुले मोठ्यांचे पाहून शिकतात आणि मोठे सर्रास चूळ भरतात, म्हणून ही सवय बदलायला वेळ लागतो आहे. ज्यांना अजून थुंकताच येत नाही त्या बाळांना चूळ भरायला लावण्याची गरजच नाही. दाण्याएवढे माप ठरवताना पेस्ट गिळली जाणार हे धरलेलेच आहे.