गावोगावी इतके पाटील कुठून आले

आपल्याकडे जनगणनेत नावे लिहून घेतात, पण आडनावांचे तक्ते छापत नाहीत. त्यामुळे पाटील किती, हे शोधायचे तर मतदार यादी चाळावी लागते. जळगाव, कोल्हापूर, सांगली किंवा रायगडमधल्या एखाद्या गावाची यादी उघडली की पानामागून पान पाटीलच. त्यांत आगरी आहेत, कोळी आहेत, लेवा, मराठा, जैन, लिंगायत आहेत. आडनाव एक, पण रक्ताचे नाते बहुतेकदा नाही. म्हणून सोयरिकीच्या बैठकीत ‘पाटील’ एवढ्याने कुणाचे भागत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: कुठले पाटील? मूळ आडनाव काय? देवक कोणते?

शब्द जुना आहे. परमार राजांच्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ येतो, पुढे फारसीच्या वळणाने त्याच अर्थाचा ‘मोकदम’ जोडीला आला, आणि अठराव्या शतकात उत्तर हिंदुस्थान गाजवणाऱ्या एका मराठा सरदाराला ‘पाटीलबाबा’ म्हणवून घेण्यातच मान वाटे. पण आजच्या संख्येचे मूळ तिथे नाही. ते गेल्या दीडशे वर्षांच्या दप्तरांत आहे.

जुन्या कागदात माणूस ‘येसाजी बिन राणोजी पाटील, मौजे अमुक’ असा येतो. आज वाचताना आपण शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. तिथे तो हुद्दा आहे. घराचे कूळ पवार, जाधव, जगताप असे काहीही असू शकते, आणि कारकुनाला गरज वाटली तरच ते कागदावर येई. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदार घराण्यांची रीतसर नोंद ठेवायला लावली. एका वतनात अनेक तक्षिमा, म्हणजे हिस्से, असत आणि भाऊबंदांत पाटीलकी पाळीने फिरे. ज्याची पाळी आज नाही तोही पाटलाच्या घरातलाच, म्हणून गाव त्यालाही पाटीलच म्हणे. त्याचा मुलगा शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी जनरल रजिस्टरात तेच उतरवले. हुद्द्याचे आडनाव झाले ते मुख्यतः या रजिस्टरांत, असे मला ठामपणे वाटते.

साधा हिशोब घातला तरी हे पटते. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीतली लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे १ कोटी ९४ लाख होती, २०११ मध्ये ११ कोटी २४ लाख. वाढ जेमतेम सहापट. त्या मानाने १९०१ च्या एका घराची सहा-सात घरे व्हायला हवीत. ज्या गावात आज शंभर उंबरे पाटलांचे आहेत, तिथे ती सगळी एका गादीवरच्या पाटलाची संतती नाही. भावकीतल्या बाजूच्या फांद्यांनी ते नाव घेतले, काही ठिकाणी भावकीबाहेरच्यांनीही घेतले. कुलकर्णी हेही हुद्द्याचेच नाव, तेही वतन १९५० च्या कायद्याने गेले. पण ते बहुतांशी एकाच समाजात राहिले. पाटील हे नाव सगळ्यांसाठी उघडे होते.

सर्वांत जास्त घोळ १९६२ च्या कायद्याबद्दल आहे. ‘पाटीलकी कायद्याने गेली’ असे सरसकट म्हणतात. गावात दोन पाटील असत: वसुलीचा मुलकी पाटील आणि बंदोबस्ताचा पोलीस पाटील. काही गावांत दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद आणि त्याचा वंशपरंपरेचा हक्क संपवला. पोलीस पाटील राहिला, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानंतर तो नेमणुकीचा झाला आणि आजही आहे. त्यामुळे आज पोलीस पाटील आडनावाने कांबळेही असतो, शिंदेही असतो. हे चांगलेच झाले. एका घराच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या वसूल आणि वचक दोन्ही ठेवणे गावातल्या बाकीच्यांना फार महाग पडले होते. मात्र आडनावाबद्दल या कायद्यात अवाक्षर नाही. उलट वतनी जमिनी सरकारजमा होऊन कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर त्याच घरांना रिग्रँट झाल्या, म्हणजे परत मिळाल्या. वारस म्हणून नाव लावायचे तर वतनदाराशी नाते दिसायला हवे होते. माझ्या मते त्या वर्षांत ‘पाटील’ नाव सातबाऱ्यावर अधिकच घट्ट बसले.

अलीकडे जोडनावे वाढली आहेत: पवार पाटील, जाधव पाटील. फलकांवर ती आधी दिसली, मग लग्नपत्रिकांवर. मोजणाऱ्याची यात पंचाईत होते, कारण तोच माणूस मतदार यादीत नुसता पाटील आणि शाळेच्या दाखल्यावर नुसता पवार असतो.

२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हाच गुंता तहसील कचेरीत उघड्यावर आला. गाव नमुना १४, म्हणजे गावची जुनी जन्ममृत्यूची नोंदवही, लोकांच्या तोंडचे कोतवाल बुक, त्यातली ओळ अशी असते: मुलाचे नाव, बापाचे नाव, जात. आडनाव पुष्कळदा नसतेच. पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलेले सापडते, पण ते आपलेच पणजोबा हे आडनावावरून दाखवता येत नाही. त्याच नावाचे गावात आणखी दोघे निघतात. मग वंशावळ मांडायची, जुना सातबारा आणि फेरफार काढायचे, आणि आजचा पाटील त्या बिनआडनावाच्या माणसाशी एकेक पिढी जोडत न्यायचा.