स्कायरिमचे मॉड का बिघडतात? त्यामागची दोन दशकं

स्कायरिम या बेथेस्डाच्या गेममध्ये मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेले बदल, टाकल्यावर काही बिनसलं की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: लोड ऑर्डर, म्हणजे मॉड वाचले जाण्याचा क्रम, तपासा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. मॉड चालायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कुठली फाइल कुठल्या फाइलीवर चढते, कुठलं प्लगिन (मॉडचे बदल नोंदवलेली फाइल) कुणाच्या नंतर वाचलं जातं, आणि गेम चालवणारी मूळ एक्झी फाइल कुठल्या आवृत्तीची आहे. या तिन्हींचे नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी ठरले. ते कसे ठरले हे माहीत असेल तर बिघाड नेमका कुठे शोधायचा हे पटकन कळतं.

सुरुवात मे २००२ मध्ये होते. बेथेस्डानं मोरोविंड हा स्कायरिमच्याच मालिकेतला आधीचा गेम पीसीवर आणला तेव्हा गेमसोबत ‘कन्स्ट्रक्शन सेट’ नावाचं साधनही दिलं. त्यात कुणीही नवं घर, नवी तलवार, नवी माणसं तयार करू शकत होतं. मूळ गेमचा सगळा मजकूर ईएसएम या मास्टर फाइलीत असे आणि मॉड करणाऱ्याचे बदल तेवढे ईएसपी या छोट्या प्लगिनमध्ये. गेम सुरू होताना मास्टर आधी वाचला जाई, मग एकेक प्लगिन. दोन प्लगिननी एकाच वस्तूत बदल केला असेल तर शेवटी वाचलेल्याचं चालत असे, आणि तेही त्या वस्तूच्या अख्ख्या नोंदीपुरतं. म्हणजे एका मॉडनं दुकानदाराच्या मालात धनुष्य घातलं आणि दुसऱ्यानं ढाल, तर दोन्ही मिळत नाहीत. फक्त ढाल मिळते. माझ्या मते या सगळ्या विषयात एवढी एक गोष्ट नीट समजली तरी निम्मं काम होतं.

मग शेवटी कोण वाचलं जाणार हे कसं ठरायचं? मोरोविंडनं त्यासाठी फाइलीवरची तारीख घेतली. जुनी तारीख आधी, नवी नंतर. झिप उघडताना फाइलीची मूळ तारीख तशीच राहते, त्यामुळे मॉडच्या लेखकानं ती फाइल कुठल्या दिवशी सेव्ह केली यावर खेळणाऱ्याच्या गेममध्ये कोण जिंकणार हे ठरायचं. लोक हातानं तारखा बदलत बसायचे. पुढे त्यासाठी छोटी साधनं आली. राय मॅश आणि त्याचंच ऑब्लिव्हियन या मालिकेतल्या पुढच्या गेमसाठीचं भावंड राय बॅश ही त्यातली महत्त्वाची. राय बॅशचा ‘बॅश्ड पॅच’ वेगवेगळ्या मॉडच्या याद्या एकत्र करून शेवटी स्वतः बसतो, म्हणजे वरच्या उदाहरणातलं धनुष्यही राहतं आणि ढालही.

मार्च २००६ मध्ये ऑब्लिव्हियन आला आणि नवा घोटाळा सोबत घेऊन आला. गेमची चित्रं आणि आकार, म्हणजे टेक्स्चर आणि मेश, बीएसए नावाच्या मोठ्या गठ्ठ्यांत बांधलेले असत. मॉडमधलं टेक्स्चर सुटं असायचं. ते योग्य फोल्डरमध्ये ठेवूनही गेम कित्येकदा गठ्ठ्यातलं जुनंच टेक्स्चर दाखवायचा. यावर ‘आर्काइव्ह इनव्हॅलिडेशन’ नावाचा उपाय निघाला, त्याच्याही वेगवेगळ्या पद्धती झाल्या, आणि त्यातली कुठली खरी यावर वर्षानुवर्षं वाद चालले. स्कायरिममध्ये आज त्याची गरज नाही, तिथे सुटी फाइल गठ्ठ्यातल्या फाइलीवर मात करते. तरीही जुन्या मार्गदर्शिका वाचून लोक अजून ती पायरी करतात.

ऑब्लिव्हियन नंतरचं दुसरं मोठं संकट बेथेस्डानं आणलं नाही. २००७ च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा बाजारात आला आणि त्यानं प्रोग्राम फाइल्स या फोल्डरवर पहारा बसवला. जुन्या पद्धतीचं एखादं साधन तिथे फाइल लिहायला गेलं की विंडोज ती गुपचूप व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या वेगळ्या जागी टाकायचं. मॉड बसवल्यासारखा दिसायचा आणि गेममध्ये मात्र त्याचा पत्ता नसायचा. गेम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, साध्या गेम्स फोल्डरमध्ये बसवा हा सल्ला तेव्हापासूनचा आहे आणि अजून पाळण्याजोगा आहे.

११ नोव्हेंबर २०११ ला स्कायरिम आला आणि मॉडचं जग एकदम फुगलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्रिएशन किट (कन्स्ट्रक्शन सेटसारखंच मॉड बनवायचं साधन) आणि स्टीम वर्कशॉप (स्टीमवरची मॉड मिळण्याची जागा) एकदमच आले. वर्कशॉपमुळे एका क्लिकवर मॉड मिळू लागले, पण ते आपोआप अपडेटही होऊ लागले. काल चाललेला गेम आज का पडला याचं कारण खेळणाऱ्याला दिसेनासं झालं. प्लगिनचा क्रमही हळूहळू तारखांवरून निघून साध्या मजकुराच्या फाइलीत आला. तो लावायला ऑब्लिव्हियनच्या काळात बॉस नावाचं साधन होतं, त्याची जागा पुढे लूट या साधनानं घेतली.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. लूट फक्त प्लगिन लावतं. सुट्या फाइलींमध्ये कोण कुणावर चढेल याच्याशी त्याचा काही संबंध नाही. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे काळा पडलेला चेहरा. गावातल्या एखाद्या माणसाचं अंग नीट असतं, पण चेहरा काळाकुट्ट किंवा राखाडी, मानेपाशी सरळ रेघ. स्कायरिममध्ये प्रत्येक पात्राचा चेहरा दोन ठिकाणी असतो: नाक, केस, रंग यांची नोंद प्लगिनमध्ये, आणि त्यावरून आधीच तयार केलेला मेश आणि टेक्स्चर फेसजेन फोल्डरमध्ये. दोन मॉडनी त्याच पात्राचा चेहरा बदलला, प्लगिनच्या क्रमात एक जिंकला आणि फाइलींच्या क्रमात दुसरा, की दोन्हींचा मेळ बसत नाही आणि चेहरा काळा होतो. लूट कितीही वेळा चालवलं तरी हे सुटत नाही. दोन्ही क्रमांत एकच मॉड जिंकेल असं ठेवावं लागतं.

फाइलींचा क्रम डोळ्यांना सहज दिसू लागला तो मॉड ऑर्गनायझरमुळे. त्याआधी सगळे मॉड एकाच डेटा फोल्डरमध्ये ओतले जायचे आणि कुणी कुणाला पुसलं याचा माग सहसा उरत नसे. मॉड ऑर्गनायझर प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवतं आणि गेम चालू असेपर्यंत सगळे एकत्र असल्याचा आभास निर्माण करतं. म्हणूनच गेम त्याच्यातूनच सुरू करावा लागतो. थेट स्टीमवरून सुरू केला तर एकही मॉड दिसत नाही, आणि नवे लोक हमखास इथे अडकतात.

बाकीचे बिघाडही खुणांवरून ओळखता येतात. एखादी गोष्ट जांभळी दिसत असेल तर तिचं टेक्स्चर सापडलेलं नाही. हातपाय पसरून ताठ उभं राहिलेलं पात्र म्हणजे ॲनिमेशनच्या फाइली तयार करायच्या राहिल्या. गेम मुख्य मेनू येण्याआधीच बंद पडत असेल तर बहुधा एखाद्या प्लगिनचा मास्टर गायब आहे. कन्सोल, म्हणजे गेममधली आज्ञा लिहायची खिडकी, उघडून बिघडलेल्या वस्तूवर क्लिक केलं की आठ अंकी-अक्षरी क्रमांक येतो. त्यातली पहिली दोन स्थानं वस्तू कुठल्या प्लगिननं आणली ते सांगतात. शून्य-शून्य म्हणजे मूळ स्कायरिम, एफएफ म्हणजे खेळताना तयार झालेली वस्तू. दोनच स्थानं असल्यामुळे २५५ प्लगिनची मर्यादा आली. २०१७ मध्ये क्रिएशन क्लब या बेथेस्डाच्या मॉडच्या दुकानासोबत हलकी प्लगिन आली. ती सगळी एफई या एकाच खान्यात, ४०९६ पर्यंत मावतात.

मूळ स्कायरिम ३२ बिटचा होता, त्यामुळे मेमरी संपून क्रॅश होणं नित्याचं. २८ ऑक्टोबर २०१६ ला आलेल्या ६४ बिटच्या स्पेशल एडिशननं ते दुखणं बरं केलं, पण जुने मॉड तसेच उचलून चालेनात. प्लगिन नव्या किटमध्ये पुन्हा सेव्ह करायची, मेश बदलून घ्यायचे, गठ्ठे नव्यानं बांधायचे.

आणि एक्झी फाइल. एसकेएसई हे साधन गेमच्या चालू कोडमध्ये शिरून त्याला नवी क्षमता देतं. त्यासाठी कुठलं फंक्शन मेमरीत नेमकं कुठे आहे हे माहीत असावं लागतं, आणि गेमचा प्रत्येक अपडेट ते पत्ते हलवतो. ॲड्रेस लायब्ररी या पत्त्यांच्या तयार यादीनं बऱ्याच मॉडना यातून वाचवलं होतं. स्पेशल एडिशनची १.५.९७ ही आवृत्ती २०१९ च्या शेवटापासून सुमारे दोन वर्षं टिकली, आणि त्या शांततेत मोठमोठे मॉड उभे राहिले. ११ नोव्हेंबर २०२१ ला ॲनिव्हर्सरी एडिशनसोबत आलेला अपडेट नव्या कंपायलरवर (कोडची एक्झी बनवणाऱ्या साधनावर) बांधलेला होता. पत्त्यांची जुनी यादीच निरुपयोगी झाली. डिसेंबर २०२३ च्या अपडेटनं पुन्हा तेच केलं, शिवाय हलक्या प्लगिनचा साचाही वाढवला. नव्या साच्यातलं प्लगिन जुन्या गेमवर चालवायला आज वेगळा जोडमॉड लागतो. मॉड उतरवताना त्यावर लिहिलेली गेमची आवृत्ती आधी पाहावी लागते ती यामुळे. स्वतःची आवृत्ती एक्झी फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसते.

एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियन नव्या रूपात आला. वरचं चित्रण अनरियल इंजिनचं, खाली जुनंच इंजिन, आणि मॉडसाठी अधिकृत आधार नाही. पहिल्या दिवसांतच लोकांनी ईएसपी चालवून दाखवली. त्यासाठी प्लगिनचं नाव डेटा फोल्डरमधल्या प्लगिन्सच्या यादीत हातानं लिहावं लागायचं. चित्रांचे मॉड मात्र अनरियलच्या पॅक फाइली म्हणून वेगळ्याच फोल्डरमध्ये जातात. नवी तलवार दोन्हींतून येत असेल आणि दिसत नसेल, तर दोन्ही जागा पाहाव्या लागतात.