कारागृहातून सुटलेल्या महिलांसाठी शक्ती सदन : पात्रता, कागदपत्रे आणि पुढचे अर्ज

महाराष्ट्रात कारागृहातून सुटलेल्या आणि माहेर-सासर दोन्हीकडची दारे बंद झालेल्या महिलेने पहिला अर्ज निवाऱ्यासाठी करावा, कारण राहण्याचा पत्ता असल्याशिवाय पुढचे बहुतेक दाखले निघत नाहीत. ‘स्वाधार गृह’ आणि मानवी तस्करीतून सुटका झालेल्या महिलांसाठीची ‘उज्ज्वला’ (गॅस जोडणीची नव्हे) या योजना एकत्र करून केंद्र सरकारने ‘मिशन शक्ती’खाली आणलेल्या ‘शक्ती सदन’ योजनेत, कुटुंबाचा आणि उत्पन्नाचा आधार नसलेली अशी महिला पात्र ठरते आणि तिला साधारणपणे तीन वर्षांपर्यंत तेथे राहता येते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यावा. रात्री-अपरात्री सुटका झाली, तर १८१ या महिला हेल्पलाइनवरून जवळच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे संकटातील महिलांसाठीच्या सरकारी केंद्रात, पाच दिवसांपर्यंत तात्पुरती सोय होऊ शकते.

कागदपत्रांची खरी अडचण न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या, महिलेची होते. सिद्धदोष, म्हणजे दोषी ठरून शिक्षा झालेल्या, महिलेला सुटकेची तारीख आधी ठाऊक असते. जामिनाचा आदेश मात्र पोहोचला की काही तासांत बाहेर पडावे लागते. गेटवर नोंदवहीत सही किंवा अंगठा घेऊन तिच्या जमा वस्तू परत दिल्या जातात, पण त्या पिशवीत आधार कार्ड असेलच असे नाही. ते घरी राहिलेले असते किंवा पोलिसांनी जप्त केलेल्या मुद्देमालात अडकलेले असते आणि मुद्देमालातून सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. म्हणून सुटकेचे प्रमाणपत्र गेटवरच मागून घ्यावे आणि त्यावरील नाव आधारवरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे तेथेच पाहावे. शक्ती सदनात प्रवेश झाल्यावर, मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकांनी विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधारमधील पत्ता बदलण्यासाठी चालते. त्यानंतर बँक खाते आणि शिधापत्रिका यांचे काम सोपे होते.

आईजवळ कारागृहात मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच राहू शकते. त्यापुढचे मूल बालगृहात असल्यास ताबा मिळवण्यासाठी बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज करावा लागतो; समिती घरची चौकशी करून आदेश देते, त्यामुळे निवाऱ्याचा पत्ता येथेही कामी येतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. वय ६५ वर्षांखाली, राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, या मुख्य अटी आहेत. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याच्या पत्नीचा या योजनेत स्वतंत्र उल्लेख आहे, स्वतः शिक्षा भोगून आलेल्या महिलेचा मात्र नाही, ही त्रुटी खटकणारी आहे. तिने विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता यांपैकी आपल्याला लागू पडणाऱ्या गटातून, त्या गटाचा पुरावा जोडून अर्ज करावा.

या सर्व कामांत वकिलाची गरज पडल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जामिनावर सुटलेल्या महिलेने नवा पत्ता त्याच वकिलामार्फत न्यायालयाला लेखी कळवावा; समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आले आणि ती तारखेला हजर राहिली नाही, तर तिच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघू शकते.