पिकअपला हेडर्स बसवायचेत? कॅलिफोर्नियातली पात्रता, कागदपत्रं आणि स्मॉग चेकची प्रक्रिया

हेडर्स, म्हणजे इंजिनातला जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, घेताना लोक आधी हॉर्सपॉवर विचारतात, मग किंमत, आणि ईओ नंबर, म्हणजे सरकारी मंजुरीचा क्रमांक, विचारतात तो गाडी स्मॉग चेकमध्ये, म्हणजे राज्याच्या प्रदूषण तपासणीत, नापास झाल्यावर. हा क्रम उलटा व्हावा म्हणून ही माहिती लिहितोय. बे एरिया, सॅक्रमेंटो किंवा सॅन दिएगोकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी आता बऱ्याच जणांच्या दारात एफ-१५०, सिल्व्हराडो नाहीतर टकोमा उभी असते. त्यातली जुनी गाडी घेतलेल्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडतोच.

तो पडतो कसा, ते आधी सांगतो. इंजिनातून जळलेला वायू बाहेर पडतो तिथे कंपनीचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड असतो. तापून आणि गार होऊन त्याचे बोल्ट तुटतात. सिल्व्हराडोचं ५.३ लिटर इंजिन आणि फोर्डचं ५.४ लिटर ट्रायटन या दुखण्यासाठी प्रसिद्धच आहेत. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत लोखंड तापून फुगलं, फट बुजली, की आपोआप थांबतो. मेकॅनिक म्हणतो, मॅनिफोल्ड काढायचाच आहे तर हेडर्सच बसवा की! सल्ला वाईट नाही. पण कॅलिफोर्नियात त्या सल्ल्याला एक कागद जोडावा लागतो.

कायदा काय म्हणतो

कॅलिफोर्निया व्हेइकल कोडच्या कलम २७१५६ नुसार गाडीच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेत बदल करणारा सुटा भाग बसवता येत नाही, विकता येत नाही, त्याची जाहिरातसुद्धा करता येत नाही. अपवाद एकच: कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने, म्हणजे 'कार्ब'ने, त्या भागाला सूट दिलेली असली पाहिजे. ही सूट एक्झिक्युटिव्ह ऑर्डरच्या रूपात मिळते. तिचा नंबर म्हणजेच ईओ नंबर. तो 'डी' या अक्षराने सुरू होतो, पुढे एक आकडा, मग आडवी रेघ आणि दुसरा आकडा.

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. या सूटीसाठी अर्ज करायचा असतो तो हेडर्स बनवणाऱ्या कंपनीने. चाचण्या, त्यांचे अहवाल, कुठल्या गाड्यांना भाग बसतो त्याची यादी, हे सगळं तीच कार्बला देते. गाडीमालकाने कुठलाही फॉर्म भरायचा नसतो. तुमचं काम इतकंच की ज्याला नंबर मिळालाय असाच भाग निवडायचा आणि तो तुमच्याच गाडीसाठी मंजूर आहे याची खात्री करायची. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात आणि घोडं तिथेच पेंड खातं.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे वायू शुद्ध करणाऱ्या डब्याच्या, मागचा पाईप आणि सायलेन्सर, ज्याला इथे कॅट-बॅक म्हणतात, त्याला ईओ नंबर लागत नाही, कारण वायू शुद्ध होण्याचं काम त्याच्या आधीच संपलेलं असतं. त्याला आवाजाचे नियम मात्र लागू होतात. ६,००० पौंडांहून कमी एकूण मंजूर वजनाच्या गाड्यांसाठी मर्यादा ९५ डेसिबल आहे. पूर्ण आकाराचे बहुतेक पिकअप या वजनाच्या वर जातात, म्हणून '९५ पर्यंत चालतं' हे ऐकीव वाक्य सरसकट लावू नका.

तुमची गाडी कुठल्या गटात बसते

१९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलची पेट्रोल गाडी असेल तर स्मॉग चेकच नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जुनी शेव्हरोले घेऊन हौस करणाऱ्यांची त्यामुळे चैन असते.

१९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक करावा लागतो. आठ मॉडेल वर्षांपर्यंतच्या नव्या गाड्यांना यातून सवलत आहे, त्या बदल्यात नोंदणीच्या वेळी वेगळी फी भरायची. डिझेल पिकअप १९९७ किंवा आधीचा असेल तर सुटका. १९९८ पासूनच्या १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना चेक लागतो.

आठ वर्षांच्या सवलतीचा अर्थ 'आठ वर्षं काहीही बसवा' असा काढू नका. सवलत तपासणीपुरती आहे. कलम २७१५६ पहिल्या दिवसापासून लागू असतं, आणि नवव्या वर्षी कुणीतरी बॉनेट उघडणारच आहे.

टेक्सास किंवा न्यू जर्सीहून बदली होऊन येणाऱ्यांनी जास्त जपावं. इथले रहिवासी झालात की २० दिवसांत गाडीची नोंदणी करायची असते आणि परराज्यातल्या गाडीच्या पहिल्या नोंदणीला स्मॉग चेक लागतो. डॅलसमध्ये हौसेने बसवलेले, ईओ नसलेले हेडर्स इथे आल्यावर काढावे लागतात. बाकीच्या राज्यांत मोकळं रान आहे असंही समजू नका. क्लीन एअर ॲक्ट देशभर लागू आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं कुठेच कायदेशीर नाही. फरक एवढाच की बॉनेट उघडून नंबर शोधणारा माणूस प्रत्येक राज्यात नसतो.

निवड: आखूड की लांब

हेडर्स ढोबळपणे दोन प्रकारचे असतात. आखूड, ज्यांना शॉर्टी म्हणतात, ते कंपनीच्या मॅनिफोल्डच्या जागी बसतात आणि खालच्या मूळ पाईपलाच जोडले जातात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर जिथल्या तिथे राहतात. लांब नळ्यांच्या हेडर्समध्ये कन्व्हर्टर मागे सरकवावा लागतो, सेन्सरच्या वायरी लांबवाव्या लागतात. कन्व्हर्टर इंजिनापासून दूर गेला की थंड इंजिन सुरू केल्यावर तो तापायला वेळ लागतो, आणि सर्वात जास्त प्रदूषण नेमकं त्याच वेळात होतं. म्हणून अलीकडच्या पिकअपसाठी ईओ नंबर असलेले हेडर्स बहुतेक शॉर्टीच असतात. जेबीए, गिब्सन, डग थॉर्ली अशा कंपन्यांच्या काही हेडर्सना असे नंबर आहेत. 'काही' हा शब्द मुद्दाम वापरलाय. एकाच कंपनीचा एक भाग मंजूर असतो आणि तसाच दिसणारा दुसरा नसतो.

शॉर्टीने ताकद फार वाढत नाही, हे खरं सांगून टाकतो. लांब नळ्यांचा फायदा जास्त असतो. पण बोट किंवा ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला वरच्या आरपीएमच्या ताकदीपेक्षा खालच्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, महत्त्वाचा. पाच-साडेपाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाला पावणेदोन इंची नळी पुष्कळ झाली. त्याहून जाड नळी घेतली की वायूचा वेग मंदावतो आणि चढावर ट्रेलर ओढताना गाडी सुस्त वाटते. पैसे घालायचे तर धातूत घाला. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील महाग पण टिकाऊ, ४०९ स्वस्त आणि वरून गंजकट दिसणारं तरी चालणारं, साधं पोलाद सिरॅमिक लेप असेल तरच घ्यावं. इंजिनाला टेकणारी पट्टी, म्हणजे फ्लँज, जाड हवी. ३/८ इंच असेल तर वाकून गळण्याची भीती कमी.

खोक्यावर 'फक्त शर्यतीसाठी' किंवा 'प्रदूषण नियंत्रित वाहनांवर वापरू नये' असं छापलेलं असेल तर पुढचं वाचूच नका. विक्रेता 'सगळे बसवतात' म्हणाला तरी नोंदणी असलेल्या गाडीवर तो भाग बेकायदेशीरच आहे.

ईओ नंबर पडताळायचा कसा

कार्बच्या संकेतस्थळावर सुट्या भागांची शोधयादी आहे. उत्पादकाच्या नावाने किंवा नंबराने शोधता येतं. सापडलेली ऑर्डर उघडून पूर्ण वाचायची. पानं थोडीच असतात. त्यात भागाचा क्रमांक, गाडीची कंपनी, मॉडेल, वर्षं आणि इंजिन दिलेलं असतं. हे सगळं तुमच्या गाडीशी जुळायला हवं. २०१३ पर्यंतच मंजूर असलेला हेडर २०१४ च्या ट्रकला बोल्टला बोल्ट बसला, तरी तपासणीत तो बेकायदेशीर ठरतो. इंजिनचं लिटर आणि दोनचाकी की चारचाकी ड्राइव्ह, याकडेही बघा.

हेडर्सबरोबर दुकानदार 'ट्यून'ही गळ्यात मारतो, म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलतो. त्या सॉफ्टवेअरलाही वेगळा ईओ लागतो. १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये सॉफ्टवेअर मूळचं किंवा मंजूर आहे का, हेही तपासलं जातं. हेडर्स कायदेशीर आणि ट्यून बेकायदेशीर, अशी गाडी नापासच होते.

कागदपत्रं

एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एवढं ठेवा आणि फोल्डर गाडीतच राहू द्या:

- हेडर्सच्या खरेदीची पावती, भागाच्या क्रमांकासह
- ईओची छापील प्रत, तुमच्या गाडीची ओळ अधोरेखित केलेली
- बसवण्याच्या सूचनांचं पत्रक
- बसवून घेतलं असेल तर गॅरेजचं बिल
- डीएमव्हीची (राज्याच्या वाहन नोंदणी खात्याची) नूतनीकरणाची नोटीस आणि मागच्या स्मॉग चेकचा अहवाल

खोक्यात ईओ नंबर छापलेला एक छोटा स्टिकर येतो. तो बॉनेट उघडल्यावर दिसेल अशा सपाट, स्वच्छ आणि फार न तापणाऱ्या जागी लावायचा. कित्येक जण तो खोक्याबरोबर कचऱ्यात टाकतात! हरवलाच तर उत्पादकाला कळवून दुसरा मागवून घ्या, तपासणीच्या आदल्या दिवशी नव्हे.

स्मॉग चेकच्या दिवशी

नोटिशीवर स्टार स्टेशनचा, म्हणजे राज्याने वेगळी मान्यता दिलेल्या तपासणी केंद्राचा, उल्लेख असेल तर तसल्याच केंद्रात जावं लागतं. २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून होते, त्याआधीच्यांची धुराच्या नळीत दांडी घालून. डोळ्यांनी पाहणी मात्र दोन्हींत असते. तंत्रज्ञ टॉर्च घेऊन वाकतो, कंपनीच्या काळपट मॅनिफोल्डऐवजी चकचकीत नळ्या दिसल्या की स्टिकर शोधतो, नंबर ताडून पाहतो. जुळला तर पुढे जातो, नाही तर 'मॉडिफाइड' अशी नोंद होऊन गाडी नापास होते. धूर कितीही स्वच्छ असला तरी.

अजून एक अडचण. हेडर्स बसवताना बॅटरीची वायर काढतात, त्यामुळे संगणकातले सगळे मॉनिटर, म्हणजे प्रदूषण यंत्रणा नीट चालते का हे बघणाऱ्या गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदी, पुसले जातात. २००० पासूनच्या पेट्रोल गाडीत फक्त इव्हॅप (पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेचा) मॉनिटर अपूर्ण असला तर चालतो, बाकी सगळे पूर्ण लागतात. म्हणून शनिवारी हेडर्स आणि सोमवारी स्मॉग असं करू नका. आठवडा-दोन आठवडे हायवेवर आणि गावात नेहमीसारखी गाडी फिरवा, मग जा. याच काळात गाडी पूर्ण थंड असताना हेडर्सचे बोल्टही एकदा पुन्हा आवळून घ्या. पहिल्या काही तापण्या-थंडावण्यांत ते हमखास सैल होतात.

केंद्राची फी सरकार ठरवत नाही, म्हणून चार ठिकाणी विचारा. सरकारी प्रमाणपत्राचे ८.२५ डॉलर वेगळे. पास झालात की निकाल ऑनलाइन डीएमव्हीकडे जातो, वेगळा कागद नेऊन द्यावा लागत नाही. प्रमाणपत्र ९० दिवस चालतं.

नापास झाल्यास

तंत्रज्ञाने ईओ चुकीचा वाचला असं वाटत असेल तर वाद घालत बसू नका. ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरची रेफ्री नावाची सोय आहे. वेळ ठरवून, फोल्डर घेऊन तिथे जायचं. इंजिन बदललेल्या किंवा वादात अडकलेल्या गाड्यांचा निवाडा तिथेच होतो. चूक खरोखर आपली असेल तर मूळ मॅनिफोल्ड परत बसवणं हा सरळ मार्ग. त्यासाठी जुना मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका, तेल लावून गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर ठेवा. कमी उत्पन्न असलेल्यांना दुरुस्तीसाठी राज्याची मदत मिळते, पण प्रदूषण यंत्रणेत छेडछाड केल्यामुळे नापास झालेल्या गाडीला ती मिळत नाही.

वॉरंटीबद्दल नेहमी विचारलं जातं. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे, बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने डीलर वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे त्याने दाखवायला हवं. तो फोल्डर इथेही कामाला येतो.

गावाकडे शेतावरच्या पिकअपला असं काही करावं का, असंही कुणीकुणी विचारतं. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई आहे आणि कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. इथला ईओ नंबर तिथल्या आरटीओपुढे चालणार नाही.

शेवटी विक्रीचं. खासगी व्यवहारात स्मॉग प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते. चार मॉडेल वर्षांपर्यंतच्या गाड्या आणि पती-पत्नी किंवा आई-वडील-मुलं यांच्यातलं हस्तांतर याला अपवाद आहे. वापरलेला पिकअप घ्यायला जाल तेव्हा टायर बघण्याआधी बॉनेट उघडा. चकचकीत नळ्या दिसल्या आणि स्टिकर दिसला नाही, तर मालकाला पावती आणि ईओ मागा. त्याच्याकडे दोन्ही नसेल तर मूळ मॅनिफोल्ड परत बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा, किंवा पास झाल्याचं ताजं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.