ओळख काढणं म्हणजे वशिला लावणं नव्हे

करिअर बदलायचंय म्हणणाऱ्याला मी ‘त्या क्षेत्रातल्या चार माणसांना जाऊन भेट’ असं सांगितलं, की दोनपैकी एक उत्तर ठरलेलं. ‘नको, वशिल्याने काही नको मला.’ नाहीतर, ‘तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर माझा सीव्ही पुढे सरकवा ना, दादा.’ दोघांचा गोंधळ एकच: ओळख काढणं म्हणजेच वशिला.

वशिला म्हणजे काय ते कुणाला शिकवायला नको. काकांच्या साडूचे साहेब, एक फोन, ‘आपलाच मुलगा आहे, बघा जरा.’ रेफरल ही तिसरीच गोष्ट: कंपनीने उघडपणे ठेवलेली सोय, कर्मचाऱ्याने नाव सुचवायचं, मुलाखत सगळ्यांसारखीच. त्यालाही नाक मुरडणारे उगाच सोवळे.

माणसं अडखळतात ती पुढच्या जागी. वशिल्यात तुम्ही समोरच्याचा शब्द मागता, ओळखीत त्याची माहिती. शब्द टाकायचा तर त्याची पत पणाला लागते, म्हणून तो ‘बघतो, सांगतो’ म्हणून सुटका करून घेतो. माहिती देताना त्याच्या खिशातलं काहीच जात नाही. उलट आपण दिवसभर काय करतो हे घरच्यांनीही कधी नीट विचारलेलं नसतं. कुणी विचारलं की माणूस खुलतो.

मी नवी मुंबईत, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासण्यात, आठ वर्षं काढली. जायचं होतं ड्रग सेफ्टीत, जिथे औषधांच्या दुष्परिणामांच्या तक्रारी तपासतात, म्हणजे ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत. रबाळे आणि ऐरोली लागून स्टेशनं, ठाण्याहून लोकलही तीच. पण ऐरोलीला उतरणाऱ्या, गळ्यात आयडी अडकवलेल्या त्या गर्दीतलं एकही माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं. गणपतीची वर्गणी काढताना कळलं, की पाचव्या मजल्यावरच्या वहिनींचा भाऊ तिथेच आहे.

ऑफिसबाहेरच्या टपरीवर भेटलो. सीव्ही बॅगेत होता. दोनदा हात चेनपर्यंत गेला, दोनदा मागे घेतला. विचारलं एवढंच, ‘सकाळी आल्यावर पहिलं काम काय करता?’

त्याने कटिंगच्या ग्लासाने टेबलावर चार ओले ठसे उमटवले. रुग्ण, कळवणारा, संशयित औषध, झालेला त्रास. हे चार हातात आले की केस ग्राह्य, तो मोजणीचा दिवस शून्य, आणि प्रकरण गंभीर असेल तर साधारण 15 दिवसांत सरकारी औषध नियामकाकडे जायला हवं. मग त्यानेच मला विचारलं, ‘तू डेव्हिएशन रिपोर्ट लिहितोस ना, ठरलेल्या पद्धतीपेक्षा काही वेगळं घडलं की? काय झालं, कधी, कोणत्या क्रमाने? आम्ही केसचं नॅरेटिव्ह लिहितो ते असंच.’ माझ्या सीव्हीत डेव्हिएशन सगळ्यात शेवटच्या ओळीत होतं. वर एचपीएलसी आणि इतर यंत्रांची वरात. शेवटी आवाज खाली आणून त्याने शिफ्टचं आणि सुरुवातीच्या पगाराचं खरं सांगितलं. पगाराचा आकडा माझ्या तेव्हाच्या पगारापेक्षा कमी होता. हे कोणी चॅटवर लिहून देत नाही. म्हणून मी प्रत्यक्ष भेटीचा हट्ट धरतो.

वशिल्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. वशिला लागतो जवळच्यांचा, आणि जवळचे आपल्याच डबक्यातले. माझ्या लॅबमधल्या मित्रांना महापे ते तळोजा सगळ्या जागा तोंडपाठ होत्या, पण सगळ्या क्यूसीतल्या! मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलं ते हेच. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की तो माणूस तेव्हा किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी, असं म्हणणारे 16.7 टक्के. अधूनमधून, 55.6. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी, 27.8. वहिनींचा भाऊ या शेवटच्या रकान्यातला.

आपण नेमकं काय मागायला निघालोय हे कळत नसेल, तर निघण्यापूर्वी स्वतःला विचारा: भेटल्याभेटल्या तो ‘आमच्याकडे सध्या जागा नाही’ म्हणाला, तर फेरी फुकट गेली असं वाटेल का? वाटणार असेल तर तुम्ही वशिल्याला निघालाय, मग त्याला नेटवर्किंग म्हणा नाहीतर आणखी काही.

आणि हॉटेलच्या हॉलमध्ये दीडशे माणसांनी एकमेकांना कार्डं वाटायची, त्या प्रकाराला मी ओळखही म्हणत नाही. तिथला समोसा तेवढा बरा असतो.

टपरीवर चहाचे पैसे मी दिले. घरी येऊन सीव्हीतली शेवटची ओळ पहिली केली आणि तेवढंच त्याला कळवलं. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला, ‘ती नवी सीव्ही पाठव बघू.’