भीती विशेषणात नसते

‘अमावास्येची ती भयानक रात्र होती. दूरवर कुत्रं रडत होतं.’ नववीच्या वर्गाला भयकथा लिहायला सांगा, बऱ्याच वह्या अशाच उघडतात. वाचताना भीती मात्र वाटत नाही. ‘वातावरणनिर्मिती कमी पडते’ असा लाल शेरा मिळतो. ती करायची कशी, हे सहसा कोणी सांगत नाही. या प्रश्नाचं बरंच नेमकं उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळतं.

भीती बोटांवर मोजता येते. धोक्याची चाहूल लागली की घामाच्या ग्रंथी आपल्या नकळत कामाला लागतात, त्वचा किंचित ओलावते आणि तिच्यातून वीज जास्त सहज वाहते. बोटांना इलेक्ट्रोड लावून अगदी क्षीण प्रवाह सोडला की हा फरक टिपता येतो. ‘मी नाही घाबरलो’ म्हणणाऱ्याचं पितळ इथे उघडं पडतं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच पद्धत वापरली. अंधाऱ्या खोलीत एकेकाला बसवलं आणि समोरच्या पडद्यावर गोष्ट उमटू लागली. सुरुवात साधी: तुम्ही समुद्रात उतरला आहात. मग दूर लाटांमध्ये काहीतरी काळं क्षणभर दिसतं. किनाऱ्यावरचे लोक बोट दाखवू लागतात. मनात चित्र उभं करता येणाऱ्यांची त्वचा गोष्टीबरोबर ओलावत गेली. पण सहभागी झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना अफॅन्टेशिया होता, म्हणजे डोळे मिटून त्यांना मनात चित्रच उभं करता येत नाही. त्यांचा आलेख जवळजवळ सपाट राहिला. हीच माणसं भीतिदायक छायाचित्रं पाहताना मात्र इतरांसारखीच घाबरली.

म्हणजे शब्द थेट घाबरवत नाहीत. वाचक त्यांतून चित्र रंगवतो आणि त्या चित्राला घाबरतो. ‘भयानक’ या शब्दातून काय रंगवणार? तो लेखकाने परस्पर देऊन टाकलेला निकाल आहे. ‘लोक बोट दाखवू लागले’ यात एकही भीतीचा शब्द नाही, तरी पाण्यातले आपले पाय आठवतात. अमावास्या आणि कुत्र्याचं चित्र उभं राहतं हे खरं, पण तोच तो इशारा वारंवार मिळाला आणि पुढे काहीच घडलं नाही, तर शरीर त्याला दाद देईनासं होतं. त्या बिचाऱ्या कुत्र्याला मराठी भयकथेने फार राबवलं आहे.

चित्राइतकीच महत्त्वाची आहे अनिश्चितता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका प्रयोगात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, ४५ जणांना संगणकावर दगडाखाली साप आहे का हे ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. सर्वांत जास्त ताण कधी आला? झटका बसणार हे पक्कं असताना नव्हे, तर बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाने १९०२ सालच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेत हेच साधलं होतं, प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी. (कथा वाचली नसेल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा.) एका घरात तीन इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा येतो. यंत्रात सापडून मेलेला मुलगा परत यावा, अशी इच्छा आई बापाला मागायला लावते. रात्री दार वाजतं. आई कडी काढायला धडपडते, बाप अंधारात तो पंजा चाचपत शेवटची इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा. बाहेर कोण होतं, कोणत्या अवस्थेत होतं, हे लेखक दाखवत नाही. दाखवलं असतं तर शक्यता शंभर टक्के झाली असती आणि ताण उतरला असता.

वर्गात हे करून बघायला सोपं आहे. मुलांना आपल्याच परिच्छेदातली ‘भयानक’, ‘भेसूर’, ‘गूढ’ ही विशेषणं खोडायला सांगावीत आणि त्या जागी दिसणारी किंवा ऐकू येणारी एक गोष्ट लिहायला सांगावी. अट एवढीच, की तिची दोन स्पष्टीकरणं संभवली पाहिजेत: ‘आजीच्या खोलीतला पंखा फिरत होता. बटण मी दुपारी बंद केलं होतं.’ घरातल्या कुणी लावलाही असेल. नसेलही.

आणि एखादं मूल ‘मला काहीच वाटलं नाही’ म्हणालं तर त्याला अरसिक ठरवू नये. त्याच्या मनात चित्रं उमटतच नसतील. त्याला आधी एखादं छायाचित्र दाखवावं आणि मग त्यावर लिहायला सांगावं.